उत्सवाची रात्र आणि छायाचित्र : उजेडाच्या स्वामित्वाचा प्रश्न

१

एखादी जुनी पोथी संशोधकाच्या हाती आली म्हणजे मजकूर वाचण्यापूर्वी तो तिचा कागद पाहतो, शाई पाहतो, लेखनिकाच्या हाताच्या लकबी ध्यानात घेतो, आणि मगच त्या पाठावर कितपत विश्वास ठेवावयाचा हे ठरवितो. लोकोत्सवाच्या छायाचित्राला मात्र ही शिस्त क्वचितच लावली जाते. प्रबंधाच्या पानावर ते चिकटविले जाते, खाली गावाचे नाव व तिथी लिहिली जाते, आणि जे दिसते ते तसेच होते असे गृहीत धरून विवेचन पुढे सरकते. दिवसा घेतलेल्या चित्राच्या बाबतीत या हयगयीने फारसे नुकसान होत नाही. सूर्याचा उजेड उत्सव करणाऱ्यांचा नसतो आणि चित्र काढणाऱ्याचाही नसतो. तो दोघांना सारखाच लाभलेला असतो. रात्री मात्र उजेड कोणीतरी आणावा लागतो. तो उत्सव करणाऱ्यांनी आणला की चित्र काढणाऱ्याने, यावर त्या चित्राचा अर्थ आणि पुरावा म्हणून त्याचे मूल्य बहुतांशी अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात हाच एक प्रश्न विचारात घेतला आहे : रात्रीच्या धार्मिक उत्सवाच्या छायाचित्रात दिसणारा उजेड कोणाचा? विवेचनासाठी खानदेशातील एक रस्ता पुरेसा आहे. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या या रस्त्यावर जामनेर तालुक्यातील पहूर हे गाव लागते. रस्त्याच्या एका टोकाला जळगावच्या श्रीराम मंदिराचा वहनोत्सव व रथोत्सव आहे. दुसऱ्या टोकाला अजिंठ्याची लेणी आहेत, जेथे काळोखातील धार्मिक चित्रांची प्रतिकृती कशी घ्यावी हा प्रश्न गेली पावणेदोनशे वर्षे चर्चिला जात आहे. मधल्या पहूरसारख्या गावांतून श्रावणात कानबाईचा जागर होतो. वाघूर नदी लेण्यांच्या पायथ्यापासून निघून याच परिसरातून तापीकडे जाते. तेव्हा ही तीन उदाहरणे एकमेकांपासून दूरची नव्हेत. प्रथम दोन टोकांचा विचार करून मग मधल्या गावाकडे वळणे सोयीचे होईल. परंतु त्याआधी शब्दांची थोडी तपासणी अवश्य आहे.

२

मराठीत 'फोटोग्राफ' या शब्दासाठी 'छायाचित्र' हा शब्द रूढ झाला आणि 'प्रकाशचित्र' हा मागे पडला. मूळ ग्रीक घटकांचा अर्थ पाहता 'प्रकाशाने केलेले रेखन' हा अनुवाद अधिक शब्दशः ठरला असता, आणि म्हणून 'छायाचित्र' हा उलटा शब्द आहे असे काहींना वाटते. पण संस्कृतात 'छाया' या शब्दाचा अर्थ केवळ सावली एवढाच नाही. प्रतिबिंब, कांती, वर्ण हेही त्याचे अर्थ आहेत. उजेड आणि उजेडाचा अभाव या दोहोंना पोटात घेणारा हा शब्द रात्रीच्या चित्राला विशेष लागू पडतो, कारण तेथे काळोख हा चित्रद्रव्याचाच एक भाग असतो.

याहून महत्त्वाचा पुरावा क्रियापदांचा आहे. मराठीत दिवा 'लावतात', तो 'तेवतो', आणि काम झाले म्हणजे तो 'मालवतात' किंवा 'शांत करतात'. देवापुढील दिव्याच्या संबंधात 'विझविणे' हे क्रियापद जुन्या वळणाच्या घरांतून कटाक्षाने टाळले जाते. 'तेवणे' हे क्रियापद तर ज्योतीसाठीच जवळजवळ राखून ठेवलेले आहे. विजेचा दिवा लागतो, जळतो, क्वचित् पेटतो. तो तेवतो असे सहजी कोणी म्हणत नाही. याउलट छायाचित्रकाराच्या क्षणदीप्तीसाठी, म्हणजे ज्याला सर्वत्र 'फ्लॅश' म्हणतात त्यासाठी, बोलभाषेने स्वतः होऊन निवडलेले क्रियापद 'मारणे' हे आहे. फ्लॅश मारतात, जशी बॅटरी मारतात, जसा दगड मारतात. कोशकाराने सुचविल्यावाचून भाषकसमाजाने केलेली ही वर्गवारी आहे, आणि ती लाक्षणिक अर्थाने घेण्याचेही कारण नाही. तेवणारा उजेड एका ठिकाणी राहतो व भोवतालच्यांना आपल्याकडे येऊ देतो. मारलेला उजेड एका दिशेने जातो, त्याला लक्ष्य असते आणि तो मारणारा त्याच्या मागे अंधारात उभा असतो.

तिसरे क्रियापद 'काढणे' हे आहे. इंग्रजीत छायाचित्र 'घेतात'. मराठीत ते प्रामुख्याने 'काढतात', जसे चित्र काढतात, जसे विहिरीतून पाणी काढतात. त्यालाच जोडून 'फोटो काढून घेणे' असा संयुक्त प्रयोग आहे आणि त्याचा कर्ता चित्रकार नसून चित्रविषय झालेली व्यक्ती असते. कुटुंब छायाचित्रकाराला बोलावते आणि आपला फोटो काढून घेते. या प्रयोगाचे महत्त्व पुढे कानबाईच्या संदर्भात स्पष्ट होईल.

३

जळगावचा रथोत्सव संत अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून वहने निघू लागतात. घोडा, हत्ती, वाघ, सिंह, गरुड, मारुती अशा निरनिराळ्या वहनांवरून देवाची मिरवणूक रात्री गावातून फिरते. वाटेत भाविकांच्या दारी थांबून आरती होते. प्रबोधिनी एकादशीला प्रत्यक्ष रथ निघतो. तो दिवसा निघून रात्री परत येतो. त्याची गती चाकांखाली लाकडी मोगरी लावून नियंत्रित केली जाते, आणि लालशाह बाबांच्या समाधीपाशी थांबून चादर अर्पण करण्याची प्रथा आहे. स्थानिक लोक 'वाहन' न म्हणता 'वहन' म्हणतात, हेही नोंदण्यासारखे आहे. संस्कृतात 'वाहन' हे साधनाचे नाव आहे आणि 'वहन' हे क्रियेचे. रूढ शब्द मुद्दाम निवडलेला असो वा नसो, उत्सवाचा गाभा वस्तूत नसून वाहून नेण्यात आहे हे त्याने अचूक टिपले आहे.

या उत्सवाचा रात्रीचा भाग आणि दिवसाचा भाग छायाचित्राच्या दृष्टीने एकमेकांपासून फार भिन्न आहेत. उत्सव सुरू झाला त्या काळातील ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील होत्या. तेलाच्या ज्योतीतील पिवळा व तांबडा प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नसे. सर्व वर्णांना प्रतिसाद देणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या, आणि हातात धरून रात्री वापरता येईल इतकी जलद फिल्म त्याहूनही पुष्कळ उशिरा आली. कोडॅकची 'ट्राय-एक्स' फिल्म ३५ मिलिमीटरच्या आकारात १९५४ मध्ये मिळू लागली. याचा अर्थ असा की, या उत्सवाच्या पहिल्या अनेक दशकांत दिव्यांच्या उजेडात फिरणाऱ्या वहनाचे त्याच उजेडातले चित्र निघणे तांत्रिकदृष्ट्याच अशक्यप्राय होते. दिवसाच्या रथाचे निघू शकत होते. ज्या उत्सवाच्या अकरा तिथींपैकी बहुतेक रात्रीच्या, त्याची दृश्य परंपरा एका दिवसाच्या बाजूला झुकली तर ते साधनाने घडविलेले असेल. उत्सवाच्या स्वरूपावरून तसा निष्कर्ष काढता येणार नाही.

फ्लॅशने ही अडचण दूर झाली, पण तिच्या जागी दुसरी आली. कोणत्याही बिंदुवत् प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. वहन छायाचित्रकारापासून तीन मीटरवर असेल आणि त्यामागचे लोक सहा मीटरवर, तर लोकांना वहनाच्या एक चतुर्थांश उजेड मिळतो. नऊ मीटरवरील ओटे, खिडक्या व त्यांतून डोकावणारी माणसे यांना एक नवमांश. परिणामी वहन पांढरेफटक उजळते आणि गाव काळोखात बुडते. अशा चित्रावरून एखाद्या भावी अभ्यासकाने 'मिरवणुकीला तुरळक उपस्थिती होती' असा निष्कर्ष काढला, तर त्याला दोष देता येणार नाही. दुसरा परिणाम रंगाचा. तेलाच्या ज्योतीचे वर्णतापमान सुमारे १,९०० केल्विन असते आणि दुपारच्या उन्हाचे सुमारे ५,५००. फ्लॅश हा या दुसऱ्या आकड्याच्या जवळपास बेतलेला असतो. रात्रीच्या मिरवणुकीवर एक सहस्रांश सेकंदाहूनही अल्प काळ दुपार लादली जाते आणि तेवढीच दुपार चित्रात कायम राहते.

तिसरा परिणाम सूक्ष्म आहे आणि त्याचा संबंध भाषाभ्यासकाला परिचित असलेल्या एका तत्त्वाशी आहे. सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रकाशित झालेल्या व्याख्यानांत भाषिक चिन्हकाच्या रेषीयतेचा सिद्धान्त आहे : उच्चार एकामागून एक येतात, त्यांना एकाच वेळी उभे करता येत नाही, आणि त्यांचा अर्थ त्या क्रमावर अवलंबून असतो. आरतीलाही असा क्रम आहे. निरांजन चरणांपासून मुखाकडे ओवाळत नेले जाते. काळोख्या गाभाऱ्यात देव एकदम दिसत नाही, तो दिव्याच्या गतीने, अंगाअंगाने दिसत जातो. वहनाच्या मिरवणुकीतही प्रत्येक दाराशी उजेड येतो, थांबतो आणि पुढे जातो. ज्याच्या दारावरून तो गेला त्याला पुन्हा काळोख मिळतो. फ्लॅशचे चित्र हा सारा क्रम एका क्षणात गोळा करते. वाक्यातील सर्व पदे एकावर एक छापावीत तसा हा प्रकार होतो : पदे सगळी आहेत, पण अन्वय नाही.

क्रम राखावयाचा तर दोन मार्ग आहेत. शटर कित्येक सेकंद उघडे ठेवले तर ज्योतीचा मार्ग रेषेच्या रूपाने उमटतो. पण हलणारी माणसे धूसर होतात किंवा नाहीशी होतात. हा अन्वय राखून पदे घालविण्याचा मार्ग होय. दुसरा मार्ग चित्रमालिकेचा आहे, आणि या उत्सवाने तो जणू स्वतःच आखून दिलेला आहे. प्रतिपदेला आकाशात चंद्र जवळजवळ नसतो. एकादशीपर्यंत तो वाढत जाऊन रात्रीचा बराच भाग व्यापतो. प्रत्येक रात्री एकाच जागेवरून, एकाच मोजमापाने, गावाच्या स्वतःच्या उजेडात काढलेली चित्रे क्रमाने मांडली, तर वहनांचा फेर आणि वाढता चंद्र ही दोन्ही कालमाने एकाच वेळी वाचता येतील. एका 'उत्कृष्ट' चित्राच्या शोधात ही शक्यता नेहमी हातची जाते.

४

आता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे. अजिंठ्याची लेणी हा आजचा उत्सव नव्हे; पण काळोखातील धार्मिक प्रतिमा आणि परका उजेड यांचा संबंध तेथे जितका दीर्घकाळ तपासला गेला तितका क्वचितच कोठे गेला असेल. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून सुमारे दोन दशके तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुसंख्य प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. दरम्यान गिलने कॅमेरा हाती घेतला होता, आणि १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या कोरीव लेण्यांवरील ग्रंथात त्याची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध झाली. गिल १८७९ मध्ये निवर्तला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या कामात एक सरळ श्रमविभाग दिसतो : भिंतीवरील रंगांसाठी कुंचला आणि वास्तूसाठी कॅमेरा. काळोखातील रंग कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि ही मर्यादा त्याच्या कामाच्या वाटणीतूनच वाचता येते.

१९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी याच भित्तिचित्रांची छायाचित्रे फ्लॅश किंवा प्रखर दिवे न वापरता, लेण्यात उपलब्ध असलेल्या अत्यल्प उजेडात, दीर्घकाळ शटर उघडे ठेवून काढली. १९९८ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रंगांची खोली, अवयवांची गोलाई आणि पृष्ठभागाचा मऊपणा या दृष्टींनी ही चित्रे पूर्वीच्या प्रखर दिव्यांच्या चित्रांहून कितीतरी सरस ठरली. एका बाजूने मारलेला उजेड भिंतीवरील प्रत्येक पोपडा व ओरखडा वर आणतो आणि चित्र मागे ढकलतो. मंद, पसरलेला उजेड याच्या उलट करतो. बहल यांच्या कामाचे हे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि समीक्षकाला येथे एक भेद करावा लागतो. उजेडाचा धर्म आणि उजेडाचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहल यांनी लेण्याच्या उजेडाचा धर्म राखला, परंतु काळाच्या साह्याने त्याचे प्रमाण वाढविले. लेण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला ते रंग तितके उजळ कधीच दिसत नाहीत. मानवी डोळ्याला काळोखाशी पुरते जुळवून घेण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, आणि त्यानंतरही अतिमंद उजेडात रंगबोध फारसा उरत नाही, कारण तेथे नेत्रपटलावरील शंकुपेशी काम करीत नाहीत, दंडपेशी करतात. भित्तिचित्रांच्या बाबतीत हे आधिक्य क्षम्य आहे, नव्हे इष्टही आहे; कारण तेथे जतन करावयाची वस्तू म्हणजे भिंतीवरील रंग होत. उत्सवाच्या बाबतीत जतन करावयाची वस्तू ही नव्हे. तेथे देवाच्या मुखवट्याचा रंग जितका महत्त्वाचा, तितकेच तो मुखवटा कितपत दिसत होता आणि कितपत दिसत नव्हता हेही महत्त्वाचे. म्हणून अजिंठ्याचा धडा उत्सवाला जसाच्या तसा लावता येत नाही. त्यातील पहिला अर्धा भाग, उजेडाचा धर्म राखण्याचा, घ्यावयाचा. आणि दुसऱ्या भागाविषयी सावध राहावयाचे.

५

या दोन टोकांमध्ये पहूरसारखी गावे आहेत आणि तेथे प्रश्नाचे स्वरूप पालटते. खानदेशातील अनेक कुटुंबांत श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाईची स्थापना होते. नारळाला देवीचे रूप देऊन दागिने घातले जातात, भाऊबंद एकत्र जमतात, रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर गाणी व जागर चालतो, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. वहनोत्सव रस्त्यावरचा आहे, कानबाई घरातली आहे. बाहेरून आलेल्याला रस्त्यावर उभे राहण्याचा हक्क असतो. घरात त्याला बोलवावे लागते. शिवाय या रात्रीचा आवाज मुख्यतः स्त्रियांचा असतो, आणि जागरणाने थकलेल्या, गाण्यात गुंतलेल्या, नात्यातल्या माणसांत मोकळेपणाने बसलेल्या स्त्रियांचे चित्र हे सार्वजनिक मिरवणुकीच्या चित्रासारखे कोणाच्याही हाती देण्याजोगे नसते.

परदेशातील दोन उदाहरणे येथे तुलनेस उपयोगी पडतात. मॅग्नेशियमची फ्लॅश-पावडर १८८७ मध्ये जर्मनीत प्रचारात आली, आणि लवकरच न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस याने तिच्या साह्याने गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत रात्री शिरून चित्रे काढली. १८९० च्या त्याच्या पुस्तकाने घरबांधणीच्या सुधारणांना चालना दिली. त्याचा हेतू अन्याय उघडकीस आणण्याचा होता, आणि त्या हेतूला मारलेला उजेड अनुरूप होता. तरीही त्या चित्रांतील दचकलेले, डोळे दिपलेले चेहरे त्या उजेडाची किंमत कोणी मोजली हे सांगतात. दुसरे उदाहरण ब्रासाई याचे. १९३३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पॅरिसच्या रात्रीवरील पुस्तकातील रस्ते, पूल व धुके रस्त्यावरच्या दिव्यांच्याच उजेडात, शटर दीर्घकाळ उघडे ठेवून काढलेले आहेत. पण उपाहारगृहांच्या आत त्यानेही पावडरचाच वापर केला. तेथील माणसांना तो ठाऊक होता, त्यांच्या मध्ये तो बसत असे, आणि उजेडाचा स्फोट होणार हे त्यांना आधी कळत असे.

दोघांचे साधन एकच. फरक आहे तो संबंधाचा. यावरून 'फ्लॅश वाईट' असा सरसकट नियम करता येत नाही असे दिसते. कानबाईच्या घरी कुटुंबाने गावातील छायाचित्रकाराला बोलाविले, देवीपुढे सर्वजण ओळीने उभे राहिले, लहान मुलांना पुढे घेतले आणि फ्लॅश पडला, तर तो उजेड त्यांनीच मागविलेला आहे. त्यांनी फोटो 'काढून घेतला' आहे. तो उत्सवाचा एक भाग झाला, आणि त्या चित्रात चेहरे स्पष्ट दिसावेत हीच त्यांची अपेक्षा होती. असे चित्र कुटुंबाच्या एकत्र येण्याचा उत्तम पुरावा आहे. जागर कसा दिसत होता याचा मात्र तो पुरावा नव्हे, आणि अभ्यासकाने तसा तो वापरू नये. याच घरात गाणे रंगले असता, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, कोपऱ्यातून मारलेला उजेड हा वेगळ्या जातीचा आहे. गाणाऱ्या स्त्रीचा सूर त्या क्षणी तुटला असेल, तर चित्राने ज्याची नोंद करावयाची तेच चित्रामुळे थांबले असे म्हणावे लागेल.

६

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, हे सर्व विवेचन समई-निरांजनांच्या स्मरणरंजनावर उभे आहे. आजच्या उत्सवात हॅलोजन आहेत, एलईडीच्या रंगीत माळा आहेत, मिरवणुकीपुढे वाहनावर चढविलेले प्रखर झोत आहेत. मग कोणता काळोख राखावयाचा? आक्षेप वस्तुस्थितीच्या दृष्टीने खरा आहे, पण तो सिद्धान्ताला बाधक नाही, उलट त्याची कक्षा स्पष्ट करणारा आहे. 'उत्सवाचा स्वतःचा उजेड' म्हणजे तेलाचा उजेड नव्हे. उत्सव करणाऱ्यांनी उत्सवासाठी लावलेला उजेड होय. मशालीच्या जागी गॅसबत्ती आली तेव्हा ती उत्सवाचीच झाली, आणि एलईडीची माळही तशीच झालेली आहे. निळ्याजांभळ्या झोतांना चौकटीबाहेर ठेवून, केवळ एका निरांजनावर भिंग रोखून 'परंपरेचे' चित्र काढणारा छायाचित्रकार फ्लॅश मारणाऱ्याइतकाच उजेडाच्या बाबतीत खोटे बोलतो. एक उजेड घालून खोटे बोलतो, दुसरा उजेड वगळून. प्रदर्शनांतून व दिनदर्शिकांतून नित्य आढळणारी अंधारातल्या एकट्या ज्योतीची चित्रे या दुसऱ्या वर्गात किती येतात, हे तपासण्याजोगे आहे.

दुसरा आक्षेप तंत्राचा. आजचे कॅमेरे इतके संवेदनशील आहेत की फ्लॅशची गरजच उरलेली नाही; तेव्हा प्रश्न आपोआप सुटला. वास्तविक तो सुटलेला नाही, अदृश्य झाला आहे. २०१८ च्या सुमारास मोबाइलमध्ये अशी सोय आली की, एका दाबाबरोबर अनेक चित्रे टिपली जातात, गणिताने ती एकत्र केली जातात आणि काळोखातील दृश्य उजळ व निर्मळ होऊन समोर येते. येथे कोणी उजेड मारीत नाही, कोणी दचकत नाही. पण हाती येणारी रात्र ही रात्र राहिलेली नसते. उत्सवातील माणसांना जे दिसले नाही ते चित्रात दिसते, आणि यंत्राने किती उजेड वाढविला याची खूण चित्रात उरत नाही. फ्लॅशचे चित्र निदान आपली जात लपवीत नाही. कठोर सावल्या आणि काळी पार्श्वभूमी त्याची कबुली देतात. गणिताने उजळलेले चित्र कबुली देत नाही, म्हणून पुरावा या दृष्टीने ते अधिक घातक आहे. अजिंठ्याच्या संदर्भात केलेला धर्म व प्रमाण यांचा भेद येथे उपयोगी पडतो : फ्लॅशने उजेडाचा धर्म बदलला, नव्या साधनाने प्रमाण बदलले.

तिसरा आक्षेप कलेच्या स्वातंत्र्याचा. छायाचित्रकार हा नोंदलेखक नव्हे. त्याने उजेड हवा तसा वापरावा. हे मान्यच आहे. कलाकृती म्हणून काढलेल्या चित्राला या लेखातील कसोटी लागू नाही, जशी कादंबरीतील संवादांना बोलीविज्ञानाची कसोटी लागू नाही. परंतु तेच चित्र लोकसंस्कृतीच्या प्रबंधात पुरावा म्हणून येते तेव्हा कसोटी लागू होते, आणि ती लावण्याची जबाबदारी चित्रकाराची नसून प्रबंधकाराची आहे.

७

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा वाटू नये. खानदेशातील बोलींत प्रमाण मराठीच्या 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' येतो. 'डोळा' हा 'डोया' होतो, 'काळा' हा 'काया' होतो. क्षेत्रकार्यात ऐकलेले वाक्य टिपताना एखाद्याने वाचकाच्या सोयीसाठी 'डोया'चा 'डोळा' केला, तर वाक्याचा अर्थ उजळतो आणि पुरावा नाहीसा होतो. बहिणाबाई चौधरी यांची कविता १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. सोपानदेवांनी व पितांबर चौधरी यांनी ती लिहून घेतली होती. तिचा बोलीचा उच्चार ग्रंथातही शिल्लक राहिला, म्हणून आज त्या बोलीच्या अभ्यासकालाही ती उपलब्ध आहे. प्रमाण रूपांत ती 'शुद्ध' करून छापली गेली असती तर वाचकाची सोय झाली असती, आणि एका बोलीचा साक्षीदार गेला असता. रात्रीच्या उत्सवाचे उजळून सोपे केलेले चित्र ही अशीच प्रमाणीकरणाची क्रिया आहे. बोलीत जे 'य' आहे ते 'य'च लिहावे, आणि रात्रीत जे दिसत नव्हते ते चित्रातही दिसत नसावे, ही दोन्ही विधाने एकाच पद्धतिशास्त्राची आहेत.

यावरून व्यवहाराच्या पातळीवर काही सूचना निघतात. क्षेत्रकार्यात काढलेल्या रात्रीच्या प्रत्येक चित्रासोबत पाच बाबींचे टिपण असावे : दृश्यात कोणते दिवे होते व ते कोणी लावले होते, छायाचित्रकाराने स्वतःचा उजेड घातला की नाही, शटर किती वेळ उघडे होते, आणि नंतर यंत्राने वा हाताने उजळपणा वाढविला काय, हे चित्र रात्रीच्या क्रमात कोणत्या विधीपूर्वी व कोणत्या विधीनंतर येते, आणि चित्रातील माणसांनी ते काढून घेतले की ते त्यांच्या नकळत काढले गेले. नकळत काढलेले घरातील चित्र त्या कुटुंबाला दाखवून त्यांची संमती मिळेपर्यंत संग्रहात घालू नये. संग्रहात आधीच असलेल्या चित्रांच्या बाबतीत सावल्यांची दिशा, पार्श्वभूमीचा काळेपणा आणि ज्योतीचा रंग यांवरून उजेडाचे मूळ बहुधा ठरविता येते; पोथीचा काळ अक्षरवळणावरून ठरवावा तसे हे काम आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधाला ते पुरेसे आहे.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. वहनोत्सवाचा व कानबाईचा जो दृश्य संग्रह आज साठत आहे तो पूर्वीच्या कोणत्याही पिढीच्या संग्रहाहून कितीतरी मोठा आहे, आणि त्यातील फार मोठा भाग मोबाइलच्या उजळलेल्या चित्रांचा आहे. पन्नास वर्षांनी खानदेशातील रात्रीच्या उत्सवांवर लिहू पाहणारा अभ्यासक याच चित्रांवर विसंबेल. त्याच्यापुढे लक्षावधी चित्रे असतील. परंतु त्या रात्री कितपत काळोख्या होत्या, आणि त्या काळोखात लोकांनी कोणता उजेड कोठे व का लावला होता, हे त्याला या टिपणांवाचून कळणार नाही.